कंपनीची वेबसाइट नव्याने करताना ॲक्सेसिबिलिटी शेवटी बघितली तर चालते का?

तुम्ही विचारलंय की बहुराष्ट्रीय कंपनीची साइट नव्याने करायचं काम अंगावर आलंय, मुदत कमी आहे, तर आधी डिझाइन उरकून ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे दिव्यांगांसह सगळ्यांना साइट वापरता येणं, मागाहून बघावी का. मी सांगलीत बसून एका परदेशी शेती-औषध कंपनीसाठी हेच काम केलं. आम्हीही ‘मागाहून बघू’ म्हणालो होतो. निम्मं काम दोनदा करावं लागलं.

मुख्यालयाचा मसुदा दिसायला झकास होता. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं, भरपूर मोकळी जागा. तो मोबाइलवर घेऊन मी तासगावजवळच्या एका द्राक्षबागेत गेलो. अवकाळी पडून गेलेला, वर कडक ऊन, आणि बागेला डावणी रोगाची धास्ती. बागायतदारांना दोनच गोष्टी हव्या होत्या: औषधाची मात्रा किती आणि पीएचआय किती, म्हणजे फवारणीनंतर किती दिवस माल काढायचा नाही. त्यांनी फोन घेतला, दुसऱ्या हाताने सावली धरली, डोळ्याजवळ नेला आणि म्हणाले, “पावणं, ह्यात काय लिवलंय का नुसतंच कोरं हाय?”

त्या करड्या रंगाचा कोड ९९९९९९. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक, भरतो २.८५ ला १. डब्ल्यूसीएजी या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या जागतिक नियमावलीत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागतो. हा नियम अधू नजरेच्या लोकांसाठी, असं धरून आम्ही तो यादीत तळाला टाकला होता. या गृहस्थांची नजर ठणठणीत होती. ऊन होतं, एवढंच.

मग मेनू. सोल्यूशन्स, इनोव्हेशन, अवर पर्पज. यातल्या कशाखाली मात्रा सापडेल हे मलाही सांगता आलं नसतं. कंपनीचे जसे विभाग, तसा तिचा मेनू. मिरज-विट्याच्या दुकानदारांपुढे आम्ही पानांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून ठेवली आणि गठ्ठे लावायला सांगितले. जवळपास सगळ्यांनी आधी पीक, मग रोग, मग औषध असेच लावले. मुख्यालयाला हे पटवायला महिना गेला, तो वेळ तुमच्या वेळापत्रकात आताच धरा.

यानंतर मिरजेच्या एका दृष्टिहीन मित्राला बोलावलं. तो एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो, तोही अशा वेगाने की मला अक्षर कळेना. साइट उघडली आणि ऐकू आलं, “बटण. बटण. लिंक. बटण.” चिन्हांना नावंच दिली नव्हती. कुकीला परवानगी मागणारी चौकट पडदा अडवून बसलेली, पण टॅब दाबला की फोकस, म्हणजे कीबोर्डची निवड, तिच्या मागच्या पानावर फिरायचा, चौकटीत जायचाच नाही. मराठी पान तर त्याच्याकडे इंग्रजी आवाजात तुटक-तुटक वाचलं जात होतं. कारण शोधलं तर जगभरच्या पानांना एकच साचा, आणि त्यात भाषेची खूण सगळीकडे इंग्रजीची. दोन अक्षरं बदलायची होती. पण साचा मुख्यालयाचा, त्यामुळे त्यालाही तीन आठवडे लागले.

तुम्हाला कुणीतरी तयार विजेट चिकटवायला सांगेल, अक्षरं मोठी करणारं वगैरे. घेऊ नका, खालचा कोड तसाच राहतो. स्वयंचलित तपासणी जरूर करा, पण तिच्यावर निर्धास्त राहू नका. चित्राचं वर्णन म्हणून नुसतं ‘चित्र’ लिहिलं तरी ती सहसा पास करते. त्याआधी माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर तुमचा फॉर्म भरून बघा.

वरिष्ठ पैशांवर अडले तर कायदा पुढे करा. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. युरोपात ऑनलाइन विक्रीसह ठरावीक सेवांना ॲक्सेसिबिलिटीचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झालाय. आमच्याकडे मित्राच्या चाचणीच्या व्हिडिओपेक्षा या तारखेनेच फाइल लवकर हलली, काय करणार.

आमचं एक काम अजून अडलेलंच आहे. औषधांची लेबलं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आहेत, म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने नुसता फोटो. मात्रा आणि पीएचआय आम्ही पानावर मजकूर म्हणून लिहून घेतले. बाकीचं लेबल मित्र अजून मला फोन करून वाचून घेतो.