पहिल्या उसळीनंतरचे दोन सेकंद

मुंबई

चि. हिला अनेक उत्तम आशीर्वाद.

उतरवताना शिकाऊ विमान उसळून मोडलं, तरी तुला खरचटलंही नाही हे तुझ्या पत्रात वाचून जीव भांड्यात पडला. पण ‘लँडिंग चुकलं’ एवढ्यावर भागवू नकोस. नेमकं कधी चुकलं ते तुझ्याच आकड्यांत दिसतंय.

सेसना 172 एस, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) 30 अंश, धावपट्टीच्या तोंडाशी वेग 75 नॉट (ताशी सागरी मैल). हवा होता 65 च्या आसपास. दहाच नॉट जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे एक तृतीयांश जास्तीची ऊर्जा तू फुकट सोबत आणलीस. त्यात जमिनीलगत पंखांचा ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, घटतो. विमान तरंगत राहिलं, धावपट्टी सरकत गेली, आणि घाबरून तू ते जबरदस्तीने टेकवलंस. नोजव्हील, म्हणजे नाकाखालचं चाक, आधी टेकलं, नाक उसळलं.

इथवर बहुधा काहीच मोडलं नव्हतं. नाक वर गेलं म्हणून तू योक (नाक वर-खाली करायचा हातातला दांडा) पुढे ढकललास, तिथे खरी गडबड झाली. हाताची हालचाल आणि विमानाचा प्रतिसाद यांत क्षणभराचं अंतर असतं. तू ढकललंस तेव्हा नाक आपणहून खाली यायला लागलंच होतं. म्हणून दुसरी उसळी मोठी, तिसरी त्याहून मोठी. नोजव्हीलचा दांडा इंजिनामागच्या फायरवॉलला, म्हणजे धातूच्या भिंतीला, जोडलेला असतो. मुख्य चाकांसारखे आपटे खाण्यासाठी तो बनवलेला नाही. तो वाकला की प्रोपेलर जमिनीला लागणारच.

उसळी वीतभर असेल तर नाक आहे तिथेच धर, किंचित पॉवर दे, विमान मुख्य चाकांवर बसू दे. त्याहून मोठी असेल, किंवा किती मोठी ते कळत नसेल, तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. थ्रॉटल पूर्ण, उजवा पाय रडरच्या (शेपटीच्या सुकाणूच्या) पेडलवर, फ्लॅप 20 अंशांवर, वेग 60 नॉट. पूर्ण पॉवर दिली की नाक जोरात वर येतं, तेव्हा ते दाबून धरावं लागतं, हातावरचा जोर कमी करणारं ट्रिम नंतर. फ्लॅप एकदम शून्यावर आणलेस तर विमान खाली बसेल. पुढच्या उड्डाणात इन्स्ट्रक्टरना सांग की फ्लेअरमधून, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलतो तिथून, मुद्दाम चार-पाच गो-अराउंड करून घ्या. सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत, याचा सराव फार कमी होतो, हे मला मुळीच आवडत नाही.

वाऱ्याचं थोडक्यात. सुट्टीत घरी आलीस की दुपारी जुहू विमानतळाकडे जा. तिथे आता बहुतेक हेलिकॉप्टरच उडतात, पण धावपट्टी 26 (म्हणजे दिशा 260 अंश) आणि समुद्रावरून येणारा वारा हिशेबाला छान आहेत. वारा 290 अंशांवरून 12 नॉट असेल तर कोन 30 अंश, म्हणजे आडवा वारा निम्मा, 6 नॉट. कोन 45 अंश असेल तर वाऱ्याला साधारण 0.7 ने गुण. असे हिशेब तोंडी येईपर्यंत कर.

आता या अपघाताबद्दल द्यायचा जबाब. वेग, फ्लॅप, वारा, हाताने काय केलं, सगळं त्याच क्रमाने लिही. ‘अचानक झोत आला’ हे झोत आला असेल तरच. आणि यापुढे लँडिंग जरा जरी जोराचं झालं तरी, बाहेरून काही दिसत नसलं तरी, टेक लॉगमध्ये (विमानाच्या दुरुस्ती-नोंदवहीत) नोंद केल्याशिवाय विमान पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती देऊ नकोस. फायरवॉलवरची सुरकुती इंजिनिअरच्या डोळ्यालाच दिसते, आणि प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर इंजिन नीट चालत असलं तरी ते उघडून क्रँकशाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा इंजिनातला दांडा) तपासावा लागतो.

आईबाबांना नमस्कार सांग.