दोन्ही हात गुंतले की

गेल्या अंकात मी म्हटलं होतं, हायवेवरच्या खुन्यांची गोष्ट कुणी लिहिली असेल तर अडलेलं विचारा. पिशवीभर पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतोय. ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी : मी जुना डायवर. ३३ वर्षं रत्नागिरीहून मुंबईला आंब्याच्या नाहीतर मासळीच्या गाड्या नेल्या. आता डोळ्यांनी दगा दिला म्हणून भयकथा लिहितो. अक्षर गिचमिड आहे, संपादकताई लावून घेतात.

प्रश्न : अण्णा, माझ्या कथेत एक ट्रकवाला लिफ्ट मागणाऱ्यांना मारतो. दुसरा एक जण लिफ्ट मागून गाडीवाल्यांना मारतो. अमावास्येच्या रात्री कशेडी घाटात दोघांची गाठ पडते. एकाकडे सुरा, दुसऱ्याकडे कोयता. सात पानं झटापट आहे. मित्रांना वाचायला दिली तर कुणी घाबरलं नाही, कुणी हसलंही नाही. काय चुकलं? (चिपळूण)

उत्तर : कल्पना झकास आहे रे. ठकास महाठक. पण तुझ्या दोघांचेही हात मोकळे आहेत, तिथे गणित फसलं. हात मोकळे असले की माणसं भिडतात, आणि मग ती कुस्ती होते. कुस्तीला कोण घाबरतं?

माझ्यावर गुदरलेलं सांगतो. १९९१चा मे महिना. गाडीत हापूसच्या पेट्या, पहाटेच्या आत मार्केटला लागायचं होतं. लोट्याला एक टायर बसला, स्टेपनी चढवली. कशेडी चढून वर आलो आणि दुसरा बसला. आता स्टेपनीच नाही. किन्नराला, म्हणजे गाडीवरच्या क्लीनरला, पेट्यांपाशी ठेवलं, म्हटलं जागा राहा, आणि चाक काढून रस्त्याच्या कडेला घेऊन उभा राहिलो. कमरेला टॉमी. टॉमी म्हणजे टायर उचकटायची लोखंडी सळई, हातभर लांब. गमछ्यात गुंडाळली होती.

तासाभराने एक ट्रक आला. डिपर मारला, पुढे वीस पावलांवर थांबला. मी चाक हौद्यात टाकलं. हौद्यात रिकामी पोती होती, बाकी काही नाही. हे लक्षात ठेव.

केबिनमध्ये गणपतीच्या फोटोपुढे लाल झिरोचा दिवा. त्या उजेडात डायवर दिसला. हाडकुळा माणूस, आणि मे महिन्यात डोक्याला माकडटोपी. नुसते डोळे बाहेर.

"एकटेच?" त्याने विचारलं.

"नाही, किन्नर येतोय मागनं."

"मागनं कशात बसून येतोय?"

मी गप्प. मग मी विचारलं, "तुमचा किन्नर?"

"झोपलाय मागे हौद्यात."

आता हौदा मी डोळ्यांनी बघितला होता. मागे कुणी झोपलं असेलच तर ते पोत्यांच्या खाली, आणि पोत्यांच्या खाली कुणी आपणहून झोपत नाही. मी गमछ्यावरचा हात घट्ट केला. त्याचा डावा हात गिअर सोडला की सीटखाली जायचा. वळण आलं की वर यायचा, वळण संपलं की परत खाली. कशेडीला वळणं किती, ज्यांनी घाट उतरलाय त्यांना विचार.

"घरी कोण कोण असतं?" त्याने विचारलं. एरवी हा प्रश्न ढाब्यावर शंभरदा विचारलेला. त्या रात्री मला तो पंचनाम्यातला वाटला.

आणि मग तो म्हणाला, "तंबाखू मळा की जरा."

डबी माझ्या मांडीवर टाकली. बघ आता. तंबाखू एका हाताने मळता येत नाही. डाव्या तळहातावर पानं, नखाने चुना, उजव्या अंगठ्याने मळायचं, मग थाप मारून भुकटी उडवायची. दोन्ही हात लागतात. नाही म्हणावं तर संशय. हो म्हणावं तर टॉमी सोडायची. मी टॉमी गुडघ्यांत दाबून धरली आणि मळायला लागलो. आयुष्यात इतकी बारीक तंबाखू मी कधी मळली नाही. मळून संपली की काय होईल या भीतीने मळतच राहिलो.

शेवटी अर्धी त्याच्यापुढे धरली. ती घ्यायला त्याला सीटखालचा हात वर काढावा लागला. एक हात स्टेअरिंगवर, एक तंबाखूवर. तेव्हा कुठे मी श्वास सोडला. नंतर कळलं, त्यानेही तेव्हाच सोडला.

पोलादपूरला पंक्चरवाल्याच्या ट्यूबलाइटखाली गाडी लागली. मी उतरलो तशी गमछ्यातून टॉमी खण्णकन खाली पडली. त्याने सीटखालनं कोयता काढून बॉनेटवर ठेवला. दोघांनी एकमेकांची हत्यारं बघितली. तो म्हणाला, "पंक्चरला सुटे आहेत ना?" टोपीखाली कानात लवंगेच्या तेलाचा बोळा होता, कान ठणकत होता बिचाऱ्याचा. आणि किन्नर चिपळूणलाच भांडून पळालेला. एकटा आहे असं सांगायला घाबरला. रात्री चाक घेऊन उभा राहणारा माणूस म्हणजे लुटारूच, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं.

आम्ही दोघंही साधी माणसं, म्हणून निभावलं. तू फक्त दोघांनाही खरोखरचे खुनी कर. सात पानं झटापट काढून टाक, त्याजागी चहाची टपरी घाल. कप-बशी दे दोघांच्या हातात. दोघांनीही दुसऱ्याच्या चहात काहीतरी टाकलंय आणि दोघंही म्हणतायत, "घ्या ना, आधी तुम्ही घ्या." आपल्याकडचा मानपान कामाला येऊ दे, त्याच्याइतका जीवघेणा प्रकार दुसरा नाही. बिलावरून ओढाताण होऊ दे. "यावेळी मी देतो, पुढच्या वेळी तुम्ही द्या." पुढची वेळ नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक. तिथे वाचक हसेल आणि हसता हसता त्याच्या अंगावर काटा येईल. आणि अमावास्या काढ. चांदणं ठेव, म्हणजे दोघांना एकमेकांचे हात दिसत राहतील.

प्रश्न : वाटसरूंना मारणारे ठग खरंच होते, की इंग्रजांनी रंगवलेली गोष्ट? (कोल्हापूर)

उत्तर : रस्त्यावर ओळख काढून गळा आवळणाऱ्या टोळ्या होत्या, खून झाले, पुरलेली प्रेतं उकरून काढली गेली. त्याभोवती देवीचा पंथ, पिढीजात धर्म वगैरे जे कथानक विलियम स्लीमन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने उभं केलं, त्यातलं किती खरं यावर इतिहासकार अजून भांडतात. लढाया संपल्यावर रोजगार गेलेले शिपाई त्यात होते असंही काही जण म्हणतात. मला विचाराल तर पोटाची गोष्ट जास्त पटते.

१८३६ साली कायदा आला की ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप. त्याच साली स्लीमनने त्यांच्या रामासी नावाच्या चोरभाषेचा कोश छापला. तो वाचला की हसावं की रडावं कळत नाही. गळा आवळणारा तो भुर्तोट. खड्डा खणणारा तो लुघा. गोड बोलून गळाला लावणारा तो सोठा. आणि ज्याला मारायचं तो वाटसरू? बनिज. म्हणजे व्यापाराचा माल. वाण्याच्या दुकानात कामं वाटून घ्यावीत तशी वाटणी. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना पुढे जबलपूरला तंबू शिवायच्या आणि गालिचे विणायच्या कामाला लावलं. गळ्याभोवती फास टाकणारी बोटं मागावर बसली.

स्लीमनने आठवणींत एक हकिकत दिली आहे, ती चिपळूणवाल्यानेही वाचावी. एक धिप्पाड मुघल अंमलदार मेरठकडून गंगा ओलांडून अवधला निघाला. चांगला घोडा, कमरेला तलवार, पिस्तुलं, सोबत दोन नोकर. वाटेत भल्या पोशाखातली मंडळी सोबत करायला आली. याने ओळखलं, हाकललं. दुसऱ्या दिवशी मुसलमान वाटसरू आले, रस्ता धोक्याचा आहे म्हणाले. त्यांनाही हाकललं. मग मुक्कामाच्या धर्मशाळेत तिसरी मंडळी भेटली, नोकरांशी त्यांची गट्टी जमली, नोकरांनी रदबदली केली, याने ऐकलं नाही. सावध माणूस. शेवटी ओसाड माळावर सहा फाटके मुसलमान शिपाई एका प्रेताभोवती रडत बसलेले. म्हणाले, आम्ही अडाणी, आम्हाला दफनाची प्रार्थना येत नाही, तुम्ही म्हणाल तर याच्या जिवाला शांती मिळेल. याला कसं नाही म्हणायचं? तो उतरला. शस्त्रं काढून बाजूला ठेवली. हातपाय धुतले, गुडघे टेकले. खूण झाली, रुमाल पडले. काही मिनिटांत तो आणि त्याचे दोन्ही नोकर त्याच खड्ड्यात.

वाटेत भेटलेले सगळे एकाच टोळीचे होते. म्हणजे प्रतिस्पर्धी म्हणून जे दिसले ते भागीदार. पहिल्याची भीती घालायची आणि दुसऱ्याने त्या भीतीवर पोट भरायचं. आणि एवढा सावध गडी गेला कशाने, तर हात धुण्याने.

अजून एक. मारायची खूण म्हणजे झिरनी. ती एखादं साधं वाक्य असायचं, 'तमाखू लाओ' यासारखं. हे मी वाचलं तेव्हा कशेडीच्या त्या रात्रीला वीसेक वर्षं झाली होती. तरी पुस्तक मिटवून उठलो आणि दाराची कडी बघून आलो.

प्रश्न : आता जागोजागी कॅमेरे, फास्टॅग, मोबाइल. निर्जन हायवेची गोष्ट लिहायची कुठे? (नागपूर)

उत्तर : तुम्ही नागपूरकर हे विचारता? तुमच्याच दारातून समृद्धी महामार्ग निघतो. ७०१ किलोमीटर. २०२२च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंतचा टप्पा सुरू झाला, त्यानंतर एकदा पुतण्याच्या गाडीतून रात्री गेलो. जुन्या रस्त्याला दर दहा मैलांवर गाव, टपरी, कुत्रं, एखादा दारुडा. तिथे दोन्ही बाजूंना कुंपण आणि सरळ रस्ता. चकवा लागावा तर वळण तरी पाहिजे ना. तासभर गेल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, बोलत राहा, नाहीतर मी झोपेन." भुताने म्हटलं असतं तर कमी घाबरलो असतो.

फास्टॅग मात्र तुमच्या खुन्याला नडणार. २०२१च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा आहे, कुठल्या नाक्यावरून कधी गेला ते उमटतं. त्याचाच विनोद करा. दोन खुनी टोलनाक्यावर अडकलेत, एकाच्या टॅगमध्ये पैसे नाहीत, मागून हॉर्न वाजतायत, आणि डिकीत जे आहे ते आहे. दुसरा उतरून येतो आणि म्हणतो, "मी भरू का?" उपकाराखाली आलेला खुनी माझ्या वाचनात तरी आलेला नाही.

प्रश्न : माणसं मरतात आणि तुम्ही हसता. शोभतं का या वयात? (संगमनेर)

उत्तर : ताई, तुमचा राग मान्य. २०१८ साली भोपाळकडे पोलिसांनी एक टोळी धरली. ट्रकचे डायवर आणि किन्नर यांच्याशी ओळख वाढवायची, जेवणातून गुंगीचं औषध द्यायचं, मारायचं, गाडी आणि माल विकायचा. तिशीच्या वर खून, असं पोलीस म्हणाले. ते वाचून मी आठ दिवस नीट जेवलो नाही. ती माझी माणसं. घरापासून हजार मैलांवर, अनोळखी माणसाने ताट पुढे केलं आणि त्यांनी हात धुतले. त्यांच्यावर मी एक ओळ विनोदी लिहिलेली नाही, लिहिणार नाही. हसायचं ते मारणाऱ्याला. त्याला भीतीदायक म्हणवून घ्यायला आवडतं, आणि हास्यास्पद म्हटलेलं सोसत नाही.

प्रश्न : अण्णा, तुम्ही स्वतः आता रात्री कुणाला लिफ्ट देता का? (खेड)

उत्तर : गाडी आता मुलगा चालवतो, पण थांबवायला मी सांगतो. कशेडीला बोगदा झाल्यापासून वर घाटात कुणी उभं नसतं, पण पोलादपूरच्या अलीकडे-पलीकडे एखादा हात करतोच. मागे नाही बसवत, पुढे मुलाशेजारी बसवतो आणि मी मागे जातो. बसला की माझी पिशवी त्याच्या मांडीवर देतो, म्हणतो जरा दोन्ही हातांनी धरा, रस्ता खराब आहे.

पिशवीत अंडी असतात.