वाचकांचे प्रश्न: सायकलवर न्यायचं हलकं क्विल्ट कसं निवडायचं?

या महिन्यात सायकलवर सामान बांधून बाहेर झोपणाऱ्यांचे बरेच प्रश्न आलेत आणि जवळपास सगळे फिरून एकाच मुद्द्यावर येतात, स्लीपिंग बॅग सोडून क्विल्ट घ्यावं का, आणि घ्यायचं तर कुठलं. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

प्रश्न (पुण्याहून एक वाचक): ताई, आम्ही मित्र हिवाळ्यात वीकेंडला सायकल घेऊन पानशेत, वेल्हे, भोर त्या बाजूला जातो. टेंट नेत नाही, बिवी बॅगमध्ये (अंथरुणावर चढवायच्या वॉटरप्रूफ पिशवीत) झोपतो. माझी स्लीपिंग बॅग दीड किलोची आहे, हॅंडलबारच्या रोलमध्ये मावतच नाही आणि मला कॅरियर लावायचा नाहीये. क्विल्टवर भागेल का? किती डिग्रीचं घेऊ? एक मित्र म्हणतो १० डिग्रीचं बास झालं, दुसरा म्हणतो शून्याचंच घे.

उत्तर: भागेल, नक्की भागेल. झोपल्यावर स्लीपिंग बॅगचा जो भाग अंगाखाली जातो तो वजनाने चेपतो, चेपला की त्यातली हवा जाते आणि हवा गेली की उबही गेली, म्हणजे पाठीखालचं ते कापड, त्यातलं भरण आणि ती लांबलचक चेन आपण घाटात नुसती वर चढवत असतो. क्विल्टमध्ये तो भाग काढूनच टाकलेला असतो, टोपीही नसते, पायाकडे फक्त पिशवीसारखा बंद भाग असतो. वजन आणि जागा दोन्ही वाचतात ते यामुळेच.

पण मग पाठीची सगळी जबाबदारी मॅटवर येते हो, आणि लोक मॅटचा विचार सगळ्यात शेवटी करतात. क्विल्टवर वीस-पंचवीस हजार घालायचे आणि खाली योगा मॅट टाकायची, मग रात्रभर कुडकुडून सकाळी म्हणायचं क्विल्ट भंगार आहे. क्विल्टवर लिहिलेला आकडा खाली बरी मॅट आहे असं धरूनच दिलेला असतो. मॅटवर आर-व्हॅल्यू (मॅट जमिनीची थंडी किती अडवते त्याचा आकडा) लिहिलेली असते ती बघा. घडीच्या फोम मॅटची साधारण २ असते, हवा भरायच्या चांगल्या इन्सुलेटेड मॅटची ४ ते साडेचार. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते. सह्याद्रीच्या हिवाळ्याला २ च्या खाली जाऊ नका, ३ असेल तर छानच.

आता तुमच्या दोन मित्रांचं भांडण. आपल्याकडे उंचीवरून थंडीचा अंदाज बांधायचा म्हटलं तर फसायला होतं. हिवाळ्यात कित्येकदा पुण्याचा किमान पारा महाबळेश्वरच्या खाली असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन दिवसभराची उष्णता वर आकाशात सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड म्हणून उताराने घरंगळत खोलगट भागात साचते. खुद्द महाबळेश्वरातसुद्धा दवबिंदू गोठल्याची बातमी येते ती वेण्णा तलावाकाठची, वरच्या पठारावरची नाही. म्हणजे पानशेतच्या पाण्याला लागून अंथरूण टाकलं तर थंडीही जास्त आणि दवही जास्त, आणि तिथून थोडं वर, झाडाखाली झोपलात तर तेच क्विल्ट एकदम पुरेसं वाटायला लागतं. झाडाखाली दव फार कमी पडतं, हे फुकटचं आहे, वापरा.

आकड्याचं अजून एक. स्लीपिंग बॅगची आयएसओ २३५३७ नावाची लॅब टेस्ट असते, त्यात कम्फर्ट (आरामात झोप लागेल) आणि लिमिट (कशीबशी रात्र निघेल) असे वेगळे आकडे येतात. ती टेस्ट अंगाभोवती पूर्ण बंद होणाऱ्या बॅगसाठी बनवलेली, त्यामुळे क्विल्टवर जे छापलेलं असतं तो बहुतेक वेळा कंपनीचा स्वतःचा अंदाज असतो, आणि तोही "कशीबशी रात्र निघेल" याचा, गाढ झोपेचा नाही. मी सरसकट ५ डिग्री वाढवून वाचते. आपल्याकडे दरीत पारा ८-१० वर येतो असं धरलं तर ५ डिग्री लिहिलेलं घ्या, डोक्याला लोकरीची टोपी आणि झोपायचे वेगळे कोरडे मोजे. शून्याचं घेतलंत तर वर्षातल्या बहुतेक रात्री ते पायाशी पडून राहील. आणि पायाकडचा भाग चेन किंवा दोरीने उघडणारा असेल असं बघा, म्हणजे मार्चमध्ये तेच पसरून चादरीसारखं घेता येतं.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे आणि मी कुशीवर, पाय दुमडून झोपते. क्विल्टमध्ये बाजूने वारा शिरतो असं ऐकलंय. रेग्युलर साइज आणि वाइड साइजमध्ये जेमतेम ५०-६० ग्रॅमचा फरक आहे पण पैसे बरेच जास्त आहेत. काय करू?

उत्तर: वाइड घ्या. इतकं ठामपणे मी दुसरं काहीच सांगणार नाही. क्विल्टची उब जास्त करून जाते ती कडेने, भरणातून तेवढी नाही, तुम्ही कूस बदलता तेव्हा कड मॅटवरून उचलली जाते आणि आत तापलेली सगळी हवा एका झटक्यात बाहेर, मग शरीराला ती पुन्हा तापवायची. असं रात्रीत किती वेळा होतं याचा विचार करा. ९०० फिल पॉवरचं (आतली पिसं किती फुगतात त्याचा आकडा) महागडं पण अरुंद क्विल्ट हे ८०० च्या रुंद क्विल्टपेक्षा प्रत्यक्षात गारच लागतं.

घ्यायच्या आधी घरी एक गोष्ट करा. मॅट जमिनीवर टाका, घरातली एखादी दुलई किंवा चादर १३५ सेंटीमीटर रुंदीची घडी घालून अंगावर घ्या, नेहमीसारख्या कुशीवर वळा, गुडघे दुमडा आणि कोणाला तरी पाठीमागे बसवून बघायला सांगा की कड मॅटला टेकलेली आहे की नाही. फट दिसली तर १४५-१५० कडे जा. बहुतेकांचे गुडघे पुढे येतात आणि पाठ उघडी पडते, आणि पाठीचं आपल्याला स्वतःला दिसत नाही. लांबीला उंचीपेक्षा २०-२५ सेंटीमीटर जास्त धरा, म्हणजे फार गारठलं तर खांद्यावरून नाकापर्यंत ओढता येतं. मॅटला बांधायचे इलास्टिक पट्टे येतात ते वापराच, पण ते मॅटच्या खालून जाऊन क्विल्टच्या कडा आत खेचणारे हवेत, वरून आवळणारे नकोत.

प्रश्न (चिपळूणहून एक वाचक): डाउन (बदक-हंसांची मऊ पिसं) घेऊ का सिंथेटिक? दुकानदार म्हणतो आता डाउनला वॉटरप्रूफ कोटिंग असतं, चिंता नाही. मी बिवी बॅगच वापरतो आणि सकाळी ती आतून ओली असते.

उत्तर: तुमच्यासाठी सिंथेटिक, कोकणात आणि तेही बिवीत झोपणार असाल तर.

डाउनचा मोठा गुण म्हणजे फुगणं. फिल पॉवर ८५० म्हणजे २८ ग्रॅम डाउन सुमारे १४ लिटर जागा भरतं, आणि तेच दाबलं की मुठीत येतं, म्हणून सायकलवाल्यांचा जीव त्याच्यावर. ५ डिग्रीच्या आसपासचं चांगलं डाउन क्विल्ट ४००-४५० ग्रॅममध्ये बसतं, सिंथेटिक तेवढ्याच उबेला ५०० च्या पुढे जातं आणि रोलमध्ये जवळपास दीडपट जागा घेतं. पण डाउन ओलं झालं की गुठळ्या होतात आणि फुगणं संपतं. ते कोटिंग पाणी थोडं उशिरा शोषू देतं इतकंच, त्याला वॉटरप्रूफ म्हणणं बरोबर नाही.

आणि बिवीत ओल बाहेरून यायची गरजच नसते. रात्रभर अंगातून वाफ निघते, ती क्विल्टमधून बाहेर जाते आणि बिवीच्या गार कापडाला लागली की तिचं पाणी होतं, नेमकं क्विल्टच्या बाहेरच्या थरावर, पायाशी सगळ्यात जास्त. किनाऱ्याजवळ हवेतच इतका दमटपणा असतो की भारी मेंब्रेनची (पाणी अडवून वाफ बाहेर सोडणाऱ्या अस्तराची) बिवीसुद्धा ही वाफ पुरेशी बाहेर टाकू शकत नाही. तोंड आत घेऊन झोपू नका, श्वासाची वाफ सगळ्यात वाईट, नाक-तोंड कायम बाहेर. पाऊस नसेल तर बिवीची चेन छातीपर्यंत उघडी ठेवा. आणि सकाळी ओली बिवी आणि क्विल्ट एकाच ड्राय बॅगमध्ये कोंबू नका, बिवी बाहेर बांधा, जेवायला थांबाल तिथे क्विल्ट सायकलवर पसरून अर्धा तास ऊन द्या.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते. तुमची बिवी किती घेराची आहे? मॅट बिवीच्या आत टाकत असाल आणि मॅट ७-८ सेंटीमीटर जाडीची असेल तर तिनेच आतली निम्मी जागा खाल्लेली असते, वरचं क्विल्ट मग बिवीच्या छताला दाबून सपाट होतं आणि पैसे मोजून घेतलेली फुगवटी कामाची राहत नाही. बिवीत मॅट टाकून आत शिरा आणि छातीवर हात सरळ वर उचलून बघा, कापड लगेच ताणलं जात असेल तर मॅट बाहेर, बिवीच्या खाली टाका. बिवी स्वतःच कडा आवळून धरते म्हणून त्यात पट्टे नसले तरी चालून जातं.

प्रश्न (कोल्हापूरहून, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी): ताई, पुढच्या ऑगस्टमध्ये मनाली ते लेह सायकलने करायचंय. माझ्याकडे सिंथेटिक क्विल्ट आहे, १० डिग्रीवालं. बजेट कमी आहे. त्यावर अजून जॅकेट घालून झोपलो तर चालेल?

उत्तर: नुसत्या त्याच्यावर नको रे. सरचू सुमारे ४,३०० मीटरवर आहे, बारालाचा ला (ला म्हणजे खिंड) ४,८९० च्या आसपास, टांगलांग ला ५,३०० च्या वर. तिथे ऑगस्टमध्येही रात्री पारा शून्याच्या आसपास येतो आणि वर वारा वेगळाच. दिवसभर चढ चढून थकलेला, उंचीमुळे जेवण न गेलेला माणूस पुण्या-कोल्हापुरात जेवढी उष्णता तयार करतो तेवढी तिथे करत नाही, हे आकड्यात धरायलाच हवं.

पण तुझं क्विल्ट वाया जाणार नाही. शून्य ते ५ डिग्रीचं एक डाउन क्विल्ट किंवा साधी डाउन बॅग मिळव, ट्रेकिंग क्लबमधून भाड्याने मिळते, विकत घ्यायचीच असं नाही, आणि तुझं सिंथेटिक तिच्यावरून घे. दोन फायदे, उब वाढते आणि अंगाची वाफ पाणी होते ती वरच्या सिंथेटिकमध्ये, आतलं डाउन कोरडं राहतं. फक्त वरचं जास्त रुंद हवं, घट्ट बसलं तर खालच्याची हवा दाबेल. खाली मॅट आर-व्हॅल्यू ४ च्या पुढची, म्हणजे हवेची आणि फोमची दोन्ही ने, हवेची पंक्चर झाली तर त्या उंचीवर निदान फोम तरी राहतो. टोपी असलेलं जॅकेट असू दे, क्विल्टला डोकं झाकायला काही नसतं. आणि रात्री फार थंडी वाजायला लागली, दम लागला, डोकं ठणकायला लागलं तर थंडीच असेल म्हणून पडून राहू नकोस, उंचीचा त्रास असू शकतो, सोबत्याला उठव. तिथे बिवीचा हट्टही नको, रस्त्यावर ढाबे आणि तंबूवाले आहेत, खराब हवेत सरळ त्यांच्याकडे जा.

प्रश्न (ग्लासगोहून एक वाचक): नोकरीनिमित्त इथे आलोय. स्कॉटलंडमध्ये कुठेही झोपता येतं म्हणतात ते खरं का, आणि इथल्या उन्हाळ्याला कुठलं क्विल्ट?

उत्तर: बऱ्यापैकी खरं. २००३ च्या लँड रिफॉर्म कायद्याने तिथे जबाबदारीने उघड्यावर मुक्काम करायचा हक्क दिलाय, पण लॉख लोमंडच्या काही भागात मार्च ते सप्टेंबर परमिट लागतं, निघण्याआधी बघून घ्या. इंग्लंडमध्ये गेलात तर नियम वेगळे, तिथे साधारणपणे जागामालकाची परवानगी हवी.

क्विल्ट सिंथेटिक, शून्य ते ५ डिग्रीचं. तिथे पारा फार खाली जात नाही पण ओल तीन-तीन दिवस जात नाही, ऊन दाखवून वाळवायची सोयच नसते. आणि बिवीला तोंडाशी बारीक जाळी असलीच पाहिजे, जून ते ऑगस्टमध्ये मिज नावाचे चिलटांसारखे किडे संध्याकाळी आणि पहाटे, वारा पडला की अक्षरशः ढगाने येतात. मुक्काम वारा लागेल अशा उंचवट्यावर करा. क्विल्टच्या कडा त्यासाठीसुद्धा नीट बांधाव्या लागतील.

प्रश्न (साताऱ्याहून एक वाचक): माझी आई गोधड्या शिवते. तिला सांगून हलकं क्विल्ट घरीच शिवता येईल का? रेक्रॉन भरून?

उत्तर: येईल की! आईंना नमस्कार सांगा. फक्त रेक्रॉन नको. ते सुटे तुकडे असतात, धुतल्यावर आणि दाबून दाबून एका कोपऱ्यात जमतात, जागेवर ठेवायचं तर जागोजागी टाके घालावे लागतात आणि प्रत्येक टाक्याच्या रेषेवर दोन्ही कापडं एकमेकांना चिकटतात, तिथून थंडी आत येते. क्लायमाशिल्ड अपेक्स नावाचं भरण अखंड धाग्याच्या सलग थरासारखं येतं, त्याला फक्त चारी कडांना शिवलं की झालं, मधे एकही टाका लागत नाही. म्हणून घरी शिवायला सिंथेटिकच सोपं, डाउनला आत कप्पे करावे लागतात, ते नवख्याचं काम नाही.

चौरस मीटरला १३३ ग्रॅमवालं ढोबळमानाने ५ डिग्रीला, १६७ वालं शून्य ते २ ला पुरतं. बाहेरून परदेशातूनच मागवावं लागेल, कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, तरी तयारपेक्षा बरंच स्वस्त पडतं. वर-खाली पातळ रिपस्टॉप (फाट पुढे न पसरणारं) नायलॉन, साधं कॉटन अजिबात नाही, ते पाणी धरून ठेवतं. खांद्याशी १४०, पायाशी १०० सेंटीमीटर अशी निमुळती कापणी. दोन्ही कापडं सुलट बाजू आत करून ठेवा, त्यावर भरण, तीन बाजू शिवा, मग उलटवून चौथी. पातळ नायलॉन मशीनखाली सरकतं, म्हणून टाचण्यांऐवजी कपड्यांना लावायचे छोटे चिमटे वापरा, टाचणीची भोकं त्या कापडात कायमची राहतात. सुई नवी आणि बारीक, ७० नंबरची. मानेच्या कडेला दोरीसाठी नळीसारखी पट्टी सोडायला आईंना आधीच सांगा, नंतर घालणं कठीण जातं.