देव न मानणाऱ्याने देवाचे डोळे रेखावेत का?

प्रश्न : पेणजवळ आमचा गणेशमूर्तींचा कारखाना आहे. शिल्पकलेचे शिक्षण घेऊन मी घरच्या व्यवसायात आलो. वडिलांचा हात आता थरथरतो, म्हणून गेल्या दोन हंगामांपासून डोळ्यांची आखणी माझ्याकडे आली आहे. रंगकाम वडील गप्पा मारत करत. आखणीला मात्र अंघोळ करून, कोणाशी न बोलता बसत. माझा देवावर विश्वास नाही. मूर्ती पाहून गिऱ्हाईक ‘बाप्पा अगदी माझ्याकडेच बघतोय’ असे म्हणते, तेव्हा आपण फसवणूक करत आहोत असे वाटते. माझे काम अप्रामाणिक ठरते का? – एक मूर्तिकार, जि. रायगड

उत्तर : फसवणुकीचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण त्याचे उत्तर परंपरेनेच देऊन ठेवले आहे. कारखान्यातली मूर्ती ही मातीच असते. चतुर्थीला यजमानाच्या घरी प्राणप्रतिष्ठा होते, दूर्वांनी मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावले जाते, आणि त्यानंतरच तिच्यात देवत्व येते असे पूजाविधी मानतो. उत्तरपूजा झाली की ती पुन्हा माती. देव आणण्याची जबाबदारी तुमच्यावर कोणी टाकलेलीच नाही. गिऱ्हाइकाने तुमच्याकडून रेखीव मूर्ती घेतली आहे, तुमची श्रद्धा नव्हे.

तरीही माणसाच्या धारणा त्याच्या हातात उतरतातच. पंढरपूरच्या नरहरी सोनारांची कथा तुम्ही ऐकली असेल. ते कट्टर शिवभक्त होते आणि विठ्ठलाचे मुखही पाहायचे नाही असा त्यांचा निश्चय होता. एका सावकाराने विठ्ठलासाठी करदोटा घडवायला सांगितला, तेव्हा त्यांनी देवळात न जाता माप मागवून तो घडवला. तो काही केल्या कमरेला बरोबर बसेना. शेवटी ते डोळ्यांवर पट्टी बांधून गाभाऱ्यात गेले, चाचपताना हाताला शिवाची चिन्हे लागली, आणि पट्टी काढली तर समोर विठ्ठल उभा. कीर्तनकार ही कथा हरिहरांचे ऐक्य सांगण्यासाठी लावतात. मला मात्र त्यातला तो न बसणारा करदोटा महत्त्वाचा वाटतो. एवढ्या कसबी कारागिराचे माप चुकले, कारण ज्याच्यासाठी दागिना घडवायचा त्याच्याकडे पाहायचेच नाही, असे त्याच्या श्रद्धेने त्याला बजावले होते.

तुमच्या अश्रद्धेचीही परीक्षा येथेच आहे. चौरंगावरच्या मूर्तीपुढे माणूस पाटावर बसतो, म्हणून बुबुळ किंचित खाली उतरवावे लागते. ते केसभर जास्त उतरले की मूर्ती पेंगुळलेली दिसते आणि कमी उतरले की डोळे वटारल्यासारखे होतात. हे साधायला देव मानावा लागत नाही, पण त्या पाटावर बसणाऱ्याविषयी आस्था मात्र लागते. ‘भोळ्या लोकांचा माल’ असे एकदा मनात बसले, की ब्रश धरलेला हात सैल पडायला वेळ लागत नाही.

श्रीनिवास रामानुजन यांना आपली सूत्रे नामक्कलच्या नामगिरी देवीच्या कृपेने सुचतात असे वाटे. त्यांना केंब्रिजला बोलावून घेणारे इंग्रज गणितज्ञ जी. एच. हार्डी नास्तिक होते. पूर्णांकांच्या विभाजनांवरील (म्हणजे एखादी संख्या बेरजेच्या रूपात किती प्रकारे मांडता येते यावरील) दोघांचा संयुक्त शोधनिबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. एकाला उत्तर आधी दिसे, दुसऱ्याला सिद्धतेवाचून चैन पडत नसे (हा फरक श्रद्धेइतकाच, किंबहुना अधिक, शिक्षणाचाही होता), पण त्या गणितात आस्तिकाचा भाग कोणता आणि नास्तिकाचा कोणता, हे वाचून ओळखता येत नाही.

आता वडिलांविषयी. त्यांची अंघोळ आणि मौन म्हणजे ‘एकाग्रतेचे तंत्र’ होते, असा सोयीचा अर्थ लावून मोकळे होऊ नका. आजकाल असे अर्थ फार स्वस्त झाले आहेत. ते एकाग्र होण्यासाठी अंघोळ करत नव्हते. समोर कोणीतरी आहे असे मानून ते बसत, आणि एकाग्रता त्यामागून आपोआप येई. तुमच्यासमोर तो ‘कोणीतरी’ नाही. मग हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री दोन वाजता, आखणीच्या शेकडो मूर्ती रांगेत उभ्या असताना, शेवटच्या मूर्तीलाही पहिलीइतकाच वेळ द्यायला तुम्हाला काय भाग पाडणार आहे? कारागिरीचा अभिमान पुरतो, असे तुम्ही म्हणाल. पुष्कळदा तो पुरतोही. मात्र पाहणारे कोणी नसले की तो लवकर थकतो, असा माझा लेखनातला अनुभव आहे. त्याला एखाद्या नेमाची जोड द्या. वडिलांचे मौन उचलायचे असेल तर खुशाल उचला. त्यासाठी त्यांची श्रद्धा उसनी घ्यावी लागणार नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही : तुमच्या स्वतःच्या घरी बसणाऱ्या गणपतीची आखणी सध्या कोण करते? वडील थरथरत्या हाताने अजून तीच एक मूर्ती राखून ठेवत असतील, तर ती मागू नका. आणि त्यांनी तीही तुमच्याकडे सोपवली असेल, तर तुमच्या अविश्वासाची कल्पना त्यांना बहुधा आधीपासूनच आहे.