सशाच्या पिल्लाचा आहार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सहा आठवड्यांचे पिल्लू विकत आणले आहे. त्याला दूध-पोळी द्यावी का?

उत्तर : मुळीच देऊ नये. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळच राहायला हवे. बाजारात मात्र इतका धीर कोणी धरत नाही. विक्रेता त्याला काय खाऊ घालत होता हे विचारून सुरुवातीला तेच चालू ठेवावे आणि बदल आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करावा, कारण या वयात आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंची घडी बसलेली नसते आणि खाद्य एकदम बदलल्यास जिवावर बेतणारे जुलाब होऊ शकतात. वाळलेले गवत आणि स्वच्छ पाणी मात्र चोवीस तास समोर असावे.

प्रश्न : लसूणघास चालेल का? नावामुळे भीती वाटते.

उत्तर : भीती नावापुरतीच आहे. लसूण सशाला अपायकारक असला तरी लसूणघास (अल्फाल्फा) ही चाऱ्याची वनस्पती कडधान्यांच्या कुळातली आहे आणि तिच्यातील प्रथिने व कॅल्शियम वाढत्या पिल्लाला उपयोगी पडतात. सुमारे सहा महिन्यांनंतर ती हळूहळू बंद करावी. ससा जादा कॅल्शियम लघवीवाटे टाकतो आणि मग लघवी चुना कालवल्यासारखी पांढरट, दाट होऊ लागते. म्हणून साध्या वाळलेल्या गवताची सवय पहिल्या दिवसापासूनच लावावी. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवण्याचे काम गवताइतके चांगले दुसरे काहीही करत नाही.

प्रश्न : रोज एक गाजर दिले तर?

उत्तर : गाजरात साखर बरीच असते, मोठ्या सशालाही ते खाऊ म्हणून कधीतरी एखादी चकती, एवढेच पुरे. गाजराचा पाला अधिक बरा. कोथिंबीर, पुदिना यांसारखा पाला साधारण बारा आठवड्यांनंतर, एका वेळी एकच आणि चिमूटभर द्यावा.

प्रश्न : आमचे पिल्लू स्वतःचीच विष्ठा खाते. आहारात काही कमी पडते का?

उत्तर : नाही, हे त्याचे जेवणच आहे. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात. कोरडी, गोल लेंडी बोटांनी चुरली की आत गवताचे तंतू दिसतात. दुसरी मऊ, काळपट, चकचकीत, तुतीच्या फळासारखी घडाघडाने येते. ती अंधांत्रात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) आंबून तयार होते, तिच्यात ब जीवनसत्त्वे व प्रथिने असतात आणि ससा ती थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्याला अडवू नये. मात्र असे घड पिंजऱ्यात पडून राहत असतील, तर पेलेट (सशांसाठीच्या तयार खाद्याच्या गोळ्या) किंवा गोड खाणे जास्त होत असावे, असे समजून आधी ते कमी करावे.

प्रश्न : काल रात्रीपासून पिल्लाने काहीच खाल्लेले नाही. उद्यापर्यंत वाट पाहावी का?

उत्तर : पाहू नये. सशाचे पोट सतत चालते राहावे लागते आणि त्याला उलटीही करता येत नाही. त्यामुळे रात्रभराचा उपास, त्यात लेंड्याही बंद, म्हणजे आजच, शक्यतो ससे हाताळणाऱ्या पशुवैद्यकांकडे नेण्याची वेळ. घरात उरलेले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक तोंडावाटे देण्याचा मोह टाळावा. त्या औषधाने आतड्यांतील जिवाणूंचा समतोल बिघडून ससा दगावू शकतो.