बेळगावातून एका दिवसात जाऊन समुद्रात बोटीवरून गरवायला जमतं का? धरणावर गळ टाकायची सवय आहे, समुद्राची नाही.

जमतं की. मी डिसेंबरात तिघा मित्रांना घेऊन जाऊन आलोय, आणि आम्ही चौघंही हिडकल धरणाच्या पाण्यावर वाढलेले, म्हणजे तुमच्यासारखेच. जड जातं, पण तुम्हाला वाटतंय त्या कारणानं नाही.

रात्री अडीचला निघालो, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी करत उजाडायच्या आत वेंगुर्ल्याला. बोट अख्खी ठरवायची आणि पैसे वाटून घ्यायचे. लाइफ जॅकेट माणशी एक आहे का ते फोनवरच विचारा, तिथं जाऊन नको.

आता मुख्य गोष्ट. धरणावर आपण काय करतो, बोया बघत बसतो, बोया बुडाला की झटका. इथं बोयाच नाही. तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोरीच्या टोकाला दीड-दोनशे ग्रॅमचं शिसं, त्याच्या वर हातभर अंतरानं दोन गऱ्या, आणि ते सगळं बारा वाव खाली. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं, सहा फूट धरा. शिसं तळाला टेकलं की तंगूस ढिला पडतो, मग हातभर वर घ्यायचा आणि बोटावर धरून बसायचं. लाट आली की बोट वर जाते, शिसं उचलतं, परत टप करून टेकतं, आणि पहिला तासभर मी प्रत्येक टपला मासा समजून झटका देत होतो. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, बिडी ओढत बघूलालता, शेवटी म्हणाला, "ओढू नको रे, खावक दी तेका." मग मी डोळे मिटून घेतले. खोटं नाही सांगत, डोळे मिटल्यावरच कळायला लागलं, लाटेचा टप एका ठेक्यात येतो आणि मासा टुकटुक करतो, मध्येच थांबतो, मग एकदम ओढतो. ओढला की मगच उचलायचं.

पण गोबरा मासा लागला तर उलटं. तो दगडाच्या कपारीत राहतो आणि गरी लागली की परत कपारीत घुसतो, त्यामुळं पहिले दोन-तीन वाव दम न घेता ओढून त्याला तळापासून सोडवायचा, नंतर निवांत. माझा पहिला असाच आत गेला, शिशासकट. एकूण पाच शिसं दगडात घालवली मी. नंतर तांडेलनं शिसं बारीक तंगुसानं बांधून दिलं, अडकलं तर तेवढंच तुटतं, गऱ्या आणि मासा वाचतो. हे आधी का नाही सांगितलं विचारलं तर नुसता हसला.

आमिषाला कोळंबी नेली होती आम्ही, बेळगावच्या कॅम्पातल्या मार्केटातून, शहाणपणा करून. मऊ असते, बारके मासे कुरतडून मोकळे. माकूल (स्क्विड) चिवट, त्याच्या पट्ट्या कापून लावल्या की टिकतात. दिवसभरात राणे मासे बरेच, दोन तांबोशी, एक दोनेक किलोचा गोबरा, आणि शिंगाळे नको म्हणण्याइतके. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो, आमच्यातल्या एकाला लागला, हात कोपरापर्यंत ठणकत होता. सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्यावर उतार पडला, पण चिमटा न्याच आणि हातानं सोडवायला जाऊ नका. फुगणारा केंड मासा आला तर खायचा नाही, शिजवून त्याचं विष जात नाही.

एक बघवलं नाही ते सांगतो. खोलातून भरकन वर आणलेल्या गोबऱ्याचं पोट तोंडातून बाहेर येतं, आतली हवेची पिशवी दाब कमी झाला की फुगते म्हणून. लहान होता म्हणून एक परत सोडला तर उलटा तरंगत राहिला. त्यामुळं पुरेसे झाले की गुंडाळायचं, लहान सोडून देऊ असं म्हणत बसायचं नाही.

ओकारीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्या. मी घेतली नाही, हिडकलला कधी लागली नव्हती म्हणून. चालत्या बोटीत फारसं काही होत नाही, नांगर टाकून बोट जागेवर डुलायला लागली की कळतं. नाष्टा गेला सगळा, मासे मात्र त्यानंतर जास्त आले असं आमचे लोक अजून सांगत फिरताहेत.

दिवस ठरवताना पंचांग बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ एवढी की शिसं तळाला थांबतच नाही. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, तेव्हा जा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, पण 1 ऑगस्टला लगेच पळू नका, नारळी पौर्णिमा होऊ दे, आणि मला विचाराल तर दिवाळीनंतरच.

परत येताना बर्फाचा डबा गच्च भरलेला, घरी पोचायला रात्रीचे दहा. आईनं डबा उघडून बघितला आणि म्हणाली, एवढ्यासाठी ओकत गेलासा व्हय, कॅम्पात मिळत नव्हते काय. गोबऱ्याचं डोकं मात्र तिनं कुणाला दिलं नाही.