पिशवीवरचं एक अक्षर आणि चार आकडे

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळची साताऱ्याची, लग्न करून लेस्टरला आले त्याला आता १९ वर्षं झाली, नवरा इथलाच, इंग्रज. प्रश्न माझा नाही, सासूबाईंचा आहे. त्यांचा जन्म मे १९४५च्या शेवटच्या आठवड्यातला. ज्यांना त्या आयुष्यभर डॅड म्हणाल्या ते रेल्वेत होते, त्यांनी आडनाव दिलं, सांभाळलं, कधी काही जाणवू दिलं नाही. २००३ मध्ये त्यांची आई गेली, त्यानंतर यांनी सहज म्हणून जन्माचा पूर्ण दाखला मागवला, तोवर घरात नेहमी तो छोटा दाखलाच होता, आणि पूर्ण दाखल्यात वडिलांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. मग मावशीला खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, तुझे वडील अमेरिकन पॅराशूटवाले, नाव टेड, ओहायोचे की आयोवाचे ते आता आठवत नाही, सप्टेंबरात गेले ते परत आलेच नाहीत. मावशीही आता नाही, तिची मुलगी आहे. आमच्याकडे एक फोटो आहे, त्यात त्याच्या खांद्यावर दोन ए असलेलं पदक की बिल्ला आहे, मागे 'टेड, ऑगस्ट १९४४'. आणि एक खाकी कापडी पिशवी आहे जी सासूबाईंच्या आईनं कायम कपड्यांचे चिमटे ठेवायला वापरली, तिच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे आहेत, त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही. नवरा म्हणतो ८० वर्षांनी हे कशाला उकरायचं आणि तिकडच्या लोकांना कशाला त्रास. सासूबाई काहीच बोलत नाहीत, पण फोटो आता त्यांच्या पर्समध्ये असतो. सुरुवात कुठून करू? – एक सून, लेस्टर

उत्तर : आधी त्या पिशवीला हात लावू नका, म्हणजे धुवू नका! पत्रात तुम्ही तिचा उल्लेख जाता जाता केलाय पण माझ्या मते तुमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. अमेरिकन सैनिक आपल्या कपड्यांवर, पिशव्यांवर लाँड्रीची खूण टाकायचे, आडनावाचं पहिलं अक्षर आणि पुढे लष्करी नंबरचे शेवटचे चार आकडे. म्हणजे आडनाव कुठल्या अक्षरानं सुरू होतं ते तुम्हाला आज, आत्ता, माहीत आहे. तुम्ही ते अक्षर आणि आकडे पत्रात लिहून पाठवलेत, मी ते मुद्दाम इथे छापत नाहीये, तुम्हीही कुठे जाहीर टाकू नका. कारण उद्या कुणी 'तो माझाच काका' म्हणत आलं तर पडताळायला आपल्याकडे एक तरी गोष्ट हवी जी त्याला आधीपासून माहीत नाही. (पिशवी दुसऱ्या कुणा सैनिकाची असू शकते, हाही विचार डोक्यात ठेवा, अदलाबदल खूप चालायची.)

आता दोन ए. ते पदक नाही, ८२व्या एअरबोर्न (म्हणजे पॅराशूटवाल्या) डिव्हिजनचा बिल्ला आहे, ऑल अमेरिकन या नावाची दोन अक्षरं. पहिल्या महायुद्धात ही डिव्हिजन उभी केली तेव्हा तिच्यात सगळ्या राज्यांतली माणसं होती म्हणून हे नाव पडलं, आणि म्हणूनच बिल्ल्यावरून राज्य कळत नाही. पण गाव जुळतं. ही डिव्हिजन १९४४च्या फेब्रुवारीपासून तुमच्याच लेस्टर आणि नॉटिंगहॅमच्या परिसरात होती, क्वॉर्न गावात एका रेजिमेंटचा तळ होता, लेस्टरच्या ब्राउनस्टोन पार्कात तंबू होते. ६ जूनला नॉर्मंडीत उतरली, ३३ दिवस लढली, जुलैत जी उरली ती परत तुमच्याकडे आली, आणि १७ सप्टेंबरला हॉलंडवर उडी. तिथून पुढे त्यांना फ्रान्समध्ये हलवलं, लेस्टरचा तळ संपला. जन्म मे अखेरचा, म्हणजे हिशेब ऑगस्टच्या शेवटाचा किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीचा. तो विमानात बसला तेव्हा सासूबाईंच्या आईलाच दिवस गेल्याचं धड कळलं नसणार, त्याला कुठून कळणार?

हे मी एवढं सांगतेय कारण अशा पत्रांत शेवटी एक वाक्य हमखास असतं, 'फसवून गेला.' तुमच्या पत्रात ते नाही, पण मावशीच्या 'परत आलेच नाहीत' मध्ये ते दबा धरून बसलंय. गेले असतील फसवून, तसेही होतेच. पण लग्नासाठी कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागायची, पत्रं लष्करी टपालातून सेन्सॉर होऊन जायची आणि हॉलंडमध्ये किंवा त्यानंतर बेल्जियममधल्या आर्डेनच्या बर्फात यातले कित्येक जण मेले. सैनिक गेला तर तार त्याच्या घरी अमेरिकेत जाणार, लेस्टरच्या मैत्रिणीला कोण कळवणार? आणि त्या रेघेचाही फार अर्थ लावू नका. लग्न झालेलं नसेल तर वडील स्वतः रजिस्ट्रारसमोर हजर असल्याशिवाय त्यांचं नाव लिहीतच नसत, आईनं कितीही सांगितलं तरी. तो छोटा दाखला १९४७च्या कायद्यानं आला, त्यात आईवडिलांची नावंच नसतात, अशा मुलांना शाळेत नोकरीत मान खाली घालायला लागू नये म्हणून. म्हणजे तो घरात ठेवणाऱ्या बाईनं लपवलं असंही म्हणता येईल आणि पोरीला जपलं असंही.

आता शोध. लोक पहिल्यांदा लष्कराकडे अर्ज करतात आणि तिथेच दोन वर्षं घालवतात. अमेरिकन सैनिकांच्या फायली सेंट लुइसला असतात. १९८०च्या दशकात तुमच्या सासूबाईंसारख्याच ब्रिटिश मुलांनी वॉर बेब्ज नावाची संघटना काढून अमेरिकन सरकारला कोर्टात खेचलं, कारण प्रायव्हसीच्या नावाखाली वडिलांचा ठावठिकाणा द्यायला नकार मिळायचा, १९९०मध्ये तडजोड झाली आणि दार किलकिलं झालं. आज तर नोकरी सुटून ६२ वर्षं झालेल्या सैनिकाची फाईल कुणालाही मागता येते. पण गंमत बघा, आता परवानगी आहे तर फाईल नाही! १२ जुलै १९७३ला तिथे आग लागली, १९१२ ते १९५९ या काळात आर्मीतून सुटलेल्यांच्या जवळजवळ ८० टक्के फायली जळाल्या. एअरबोर्न म्हणजे आर्मीच. आणि फाईल वाचली असली तरी पूर्ण नाव लागतं, 'टेड' वर काही होत नाही. टेड म्हणजे थिओडोर, नाहीतर एडवर्ड, नाहीतर आपल्याकडे घरात बंडू आणि दाखल्यावर पुरुषोत्तम असतं तसं भलतंच काहीतरी.

म्हणून सुरुवात डीएनएपासून, आणि टेस्ट सासूबाईंचीच करायची, नवऱ्याची किंवा तुमच्या मुलांची नाही, कारण दर पिढीला टेडचा वाटा निम्मा होत जातो. ॲन्सेस्ट्री या कंपनीची किट घ्या, ती सगळ्यात चांगली म्हणून नाही, तर अमेरिकन लोक सगळ्यात जास्त तिथे आहेत म्हणून, दोन कोटींपेक्षा जास्त माणसं आहेत त्यांच्याकडे. त्याच वेळी मावसबहिणीलाही एक किट द्या. ती आईकडची, म्हणजे जी नावं दोघींच्या यादीत येतील ती बहुतेक आईकडची, बाजूला ठेवायची, आणि मावसबहिणीशी न जुळणारी जवळची अमेरिकन नावं नीट बघायची. हे न करता लोक सहा महिने आईच्याच घराण्यात गरगरत बसतात.

निकालात सेंटिमॉर्गन नावाचा आकडा येतो, किती डीएनए समान आहे त्याचं माप. साधारण १७०० असेल तर सावत्र भाऊ किंवा बहीण असू शकते, ८५०च्या आसपास चुलतभाऊ किंवा सावत्र भावाचं मूल, २३०च्या आसपास पणजोबा एक असलेली भावंडं. नुसत्या आकड्यावर नातं ठरवू नका, वय बघा. बहुतेकांना १७०० मिळत नाही, २०० मिळतात, आणि मग लोक हिरमुसतात, पण २००वाले दोन-तीन मिळाले तरी काम होतं. आपल्या आज्या सोयरीक जमवताना काय करायच्या, कुठले, कुणाचे, आजोळ कुठलं, असं विचारत विचारत शेवटी कुठलातरी समान पणजोबा काढायच्याच ना, तेच करायचं. त्या दोन-तीन माणसांच्या वंशावळी वर न्यायच्या, त्या कुठल्या जोडप्यापाशी भेटतात ते बघायचं, मग तिथून खाली यायचं आणि १९४४मध्ये विशी-पंचविशीत असलेले नातू शोधायचे. १९५०ची अमेरिकन जनगणना २०२२पासून खुली आहे, १९४०ची त्याच्या आधीपासून, दोन्हींत घरं सापडतात. यात अडकलात तर जीआय ट्रेस म्हणून स्वयंसेवकांची एक साइट आहे, याच कामासाठी.

आणि इथे पिशवी येते. डीएनए तुम्हाला घरापर्यंत नेऊन सोडेल, पण त्या घरात चार भाऊ असतील आणि तीन सैन्यात असतील तर कोणता, हे डीएनएला नीट सांगता येत नाही. भरतीच्या नोंदी आगीत नव्हत्या, जवळजवळ ९० लाख नावं अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर फुकट आहेत, त्यात लष्करी नंबर असतो. शेवटचे चार जुळले की तोच. शिवाय नंबरचा दुसरा आकडा बहुतेकदा भरतीचा विभाग सांगतो, ओहायो ५मध्ये आणि आयोवा ७मध्ये, म्हणजे मावशीचा तो घोळसुद्धा मिटेल. अडनिडा तपशील आहे पण मला स्वतःला तो फार आवडतो.

नाव मिळाल्यावर, अमेरिकेत शोधायच्या आधी, परदेशातल्या अमेरिकन लष्करी दफनभूमींच्या यादीत ते नाव टाकून बघा. हॉलंडमध्ये मार्ग्राटेनला ८ हजारांहून जास्त कबरी आहेत, बेल्जियममध्ये आंरी-शापेलला त्याच्याइतक्याच. मार्ग्राटेनची एकेक कबर डच कुटुंबांनी दत्तक घेतलीय, फुलं घेऊन जातात. टेड तिथे असेल तर लेस्टरहून एका दिवसाचा प्रवास आहे, आणि मग कुणाला त्रास होण्याचा प्रश्नच नाही.

नवऱ्याचं म्हणणं मात्र सरसकट चूक नाही. टेड जिवंत असेल तर शंभरीच्या पुढे, म्हणजे गाठ पडणार ती त्याच्या मुलांशी, नातवंडांशी, आणि त्यांच्यासाठी तो फक्त त्यांचा आहे. तो १९४४मध्ये आधीच लग्न झालेला होता का, ते त्यांना पत्र लिहायच्या आधी तपासा, त्यावर पत्राचा सूर ठरतो. फोन करू नका, फेसबुकवर सगळ्या खानदानाला एकदम मेसेज तर अजिबात नको. एकाच माणसाला, डीएनएच्या यादीत जो सगळ्यात जवळचा आहे त्याला, पाच-सहा ओळी : मी लेस्टरची, मे १९४५चा जन्म, आपलं नातं दिसतंय, तुमच्या घरातलं कुणी युद्धात इंग्लंडमध्ये होतं का. एवढंच. 'आम्हाला पैसे नकोत' हे वाक्य पहिल्या पत्रात घालू नका, ते वाचलं की माणसाला पैशाचीच आठवण येते. उत्तराला तीन-चार महिने द्या, मग एकदा आठवण, मग थांबा. पण शोधायचं की नाही हे नवऱ्यानं ठरवायचं नाही, तुम्हीही नाही आणि मी तर नाहीच. फोटो कुणाच्या पर्समध्ये आहे, त्यांना विचारा, सरळ विचारा, आणि नाही म्हणाल्या तर किट कपाटात ठेवा.

हो म्हणाल्या तर एक अगदी साधी गोष्ट. नळीत लाळ भरायची असते आणि त्याआधी अर्धा तास काही खायचं प्यायचं नाही. ८०व्या वर्षी तोंडाला कोरड असते, वेळ लागतो, घाई करू नका, आणि लेस्टरच्या बाईला सकाळचा चहा न देता बसवायची हिंमत तुमच्यात नसेल तर दुपारी करा.